दुएर्मिएन्दो नाही, दुर्मिएन्दो

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत स्पॅनिश शिकवणारं सदर सुरू केलंत त्याबद्दल आधी मनापासून आभार. आमच्या वेंगुर्ल्यात जहाजावरच्या किचनात नोकरीला जाणारी पोरं संध्याकाळी माझ्याकडे स्पॅनिश शिकायला येतात, ती तुमचं कात्रण वहीत चिकटवून आणतात, म्हणूनच गेल्या रविवारची चूक जास्त लागली. 'झोपतोय' मधल्या 'झोपत'साठी तुम्ही दुएर्मिएन्दो छापलंय, बरोबर आहे दुर्मिएन्दो. आणि त्याच्याखाली नियम दिलाय की वर्तमानकाळात धातू जसा बदलतो तसाच इथेही बदलतो. एक शब्द चुकला तर चालून जातं हो, पण नियमच चुकीचा पाठ झाला तर पुढचं सगळं चुकत जाणार.

दोर्मिर म्हणजे झोपणं. 'मी झोपतो'चं दुएर्मो होतं कारण जोर दुए वर पडतो, त्या जोरानेच ओ फुटून उए होतो. दुर्मिएन्दो हे रूप करताना जोर पुढे मिएन् वर सरकतो, मग मागचा ओ फुटायला काही कारणच उरत नाही. म्हणून तर पेन्सार म्हणजे विचार करणं, त्याचं पिएन्सो होतं पण पेन्सान्दो, मोजण्याचं कुएन्तो पण कोन्तान्दो, आणि परत येण्याचं बुएल्बो पण बोल्बिएन्दो. शेवटी आर किंवा एर येणाऱ्या क्रियापदांत धातू जसाच्या तसा राहतो, पोदेर म्हणजे शकणं, त्याचं पुदिएन्दो तेवढं वेगळं. बदलतात ती इरवाली, म्हणजे ज्यांचा धातू मुळात बदलणारा आहे ती, आणि तिथेही बदल निराळा, ए चा इ आणि ओ चा उ. पेदिर म्हणजे मागणं, पिदिएन्दो. सेर्बिर म्हणजे जेवण वाढणं, सिर्बिएन्दो. एर्बिर म्हणजे उकळणं, 'पाणी उकळतंय'ला एल आग्वा एस्ता इर्बिएन्दो, किचनातल्या पोराला हे रोज लागणार. वर्तमानकाळात मात्र ह्याच क्रियापदाचं इएर्बे होतं, म्हणजे तुमचा नियम लावला की चुकलंच. आठवायचंच असेल तर 'तो झोपला' बघा, दुर्मिओ, 'त्याने मागितलं' पिदिओ, तिथला स्वर इथे तसाच येतो.

पोरांना हे मी मराठीतून सांगते आणि पटकन कळतं. दूध पण दुधात, फूल पण फुलाला, विहीर पण विहिरीत. पुढे प्रत्यय लागला की आधीचा दीर्घ आखडतो. पण गीत चं गीतात, सूत्र चं सूत्रात, कारण ते संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द. म्हणजे कुठलं घराणं बदलतं आणि कुठलं नाही हे आपण शाळेतच शिकलोय, स्पॅनिशमध्ये ती घराणी आर, एर, इर अशी आहेत एवढंच. दोन्हीकडची कारणं वेगळी आहेत हे मला माहितीय पण लक्षात ठेवायला ह्याच्याहून जवळचं काही नाही.

अजून एक, आमच्याकडून गोवा जवळ, तिथे 1961 पर्यंत पोर्तुगीज होते, त्यामुळे कुणाकुणाच्या घरात जुन्या माणसांना पोर्तुगीज येतं. त्यात मागण्याचं पेदिन्दो, झोपण्याचं दोर्मिन्दो असं लिहितात, धातू बदलत नाही, म्हणून अशा घरातलं पोर स्पॅनिशमध्येही पेदिएन्दो म्हणतं. त्याची चूक मला समजते, तिला काही आधार तरी आहे. दुएर्मिएन्दोला तोही नाही.

माझी विनंती एवढीच की दुरुस्ती त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा, कोपऱ्यात बारीक टाकू नका, कारण पोरं कात्रण कापतात ती त्याच जागेचं. आणि जमलं तर दूध–दुधातचं उदाहरण सोबत द्या.

आपली नियमित वाचक,
वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग