न आलेल्यांची मोजदाद

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, रविवारी फोनवर तू विचारलंस, "पाच-सहा हजार माणसं एका शहरात जमून आकड्यांवर इतके दिवस बोलतात तरी काय?" फोनवर उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून लिहिते. बाबांनी वाचून दाखवावं, आणि आकडेमोड आली की तू त्यांना थांबवून कागदावर करायला लाव. अवघड काही नाही.

जॉइंट स्टॅटिस्टिकल मीटिंग्ज हे त्या परिषदेचं नाव. उत्तर अमेरिकेतला संख्याशास्त्रज्ञांचा हा सगळ्यात मोठा मेळावा, दरवर्षी जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला वेगवेगळ्या शहरात भरतो. १८३९ मध्ये बोस्टनला स्थापन झालेली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशन आणि तिच्याबरोबर इतर बऱ्याच संस्था मिळून तो भरवतात. सकाळी साडेआठला सुरुवात होते. एका वेळी कितीतरी खोल्यांत सत्रं चालू असतात आणि एक सत्र १ तास ५० मिनिटांचं असतं. निमंत्रितांच्या सत्रात मोजके वक्ते आणि शेवटी त्यांच्यावर भाष्य करणारा एक जण. खुल्या सत्रात सात वक्ते, प्रत्येकाला १५ मिनिटं. दोन सत्रांमध्ये १० मिनिटंच मिळतात आणि सभागृहं लांब लांब असतात. म्हणून आदल्या रात्री गोषवारे वाचून खोल्या ठरवाव्या लागतात. नुसतं वक्त्याचं नाव बघून गेलेला माणूस हमखास चुकीच्या खोलीत बसतो.

आता विषय. औषधं, शेती, निवडणुका, हवामान, जनुकं, सगळं असतं. पण मला विचारशील तर त्यातली बरीचशी भाषणं एकाच प्रश्नाभोवती फिरतात: आकड्यांत जे आलेच नाहीत, त्यांचं काय करायचं?

समज, गोव्यात घरटी मासळीवर किती खर्च होतो ते शोधायचंय आणि कुणी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उभं राहून ५०० जणांना विचारलं. ५०० हा आकडा भरभक्कम वाटतो. पण जे बाजाराला आले त्यांचीच ती कहाणी. अंथरुणाला खिळलेले, दारावर मासे घेणारे, शुक्रवारी कामावर असलेले त्यात नाहीत. ५०० चे ५,००० केले तरी ते येणार नाहीत. १९३६ मध्ये अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि तरीही अंदाज साफ चुकला. लँडन जिंकणार म्हणाले होते, रूझवेल्ट ६१ टक्के मतं घेऊन निवडून आले. पत्ते टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांतून घेतलेले होते, आणि उत्तर पाठवणारे लोक न पाठवणाऱ्यांसारखे नव्हते.

आज हा प्रश्न जास्त बिकट झालाय, कारण लोक फोनच उचलत नाहीत. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरच्या टेलिफोन सर्वेक्षणांना १९९७ मध्ये ३६ टक्के प्रतिसाद मिळायचा, २०१८ पर्यंत तो ६ टक्क्यांवर आला. उपाय म्हणून उत्तरांना भार देतात. गावात पन्नाशीपुढचे ४० टक्के आहेत, पण आपल्या १०० उत्तरांत ते ७० आलेत, असं धरा. मग त्यांच्या प्रत्येक उत्तराला ४० भागिले ७० म्हणजे ०.५७ भार, आणि ३० तरुणांच्या प्रत्येक उत्तराला ६० भागिले ३० म्हणजे २. सरासरी दुरुस्त होते, पण त्याची किंमत मोजावी लागते. सगळ्या भारांची बेरीज १००, तिचा वर्ग १०,०००. प्रत्येक भाराचा वर्ग करून केलेली बेरीज १४२.८६. १०,००० ला १४२.८६ ने भागलं की ७० येतात. म्हणजे हातात १०० उत्तरं असली तरी अचूकपणा ७० उत्तरांएवढाच. आणि फोन उचलणारे तरुण न उचलणाऱ्यांपेक्षा वेगळे असतील, तर भार देऊनही चूक तशीच राहते. सर्वेक्षणाच्या सत्रांत भांडण होतं ते इथे, आणि ते व्हायलाच हवं.

बाबा, आता तुमच्या ब्लड प्रेशरच्या गोळीकडे येते. नवी गोळी जुनीपेक्षा वरचं प्रेशर सरासरी ५ अंकांनी जास्त उतरवते का, हे पाहायचंय. माणसामाणसांतलं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप, १२ धरलं, खोटा फरक खरा मानायचा धोका ५ टक्के आणि खरा फरक सापडण्याची शक्यता ८० टक्के ठेवली, तर गणित असं: ५ टक्के धोक्यासाठी ठरलेला १.९६ अधिक ८० टक्के शक्यतेसाठी ठरलेला ०.८४ म्हणजे २.८०, त्याचा वर्ग ७.८४. त्याला १२ च्या वर्गाने म्हणजे १४४ ने आणि मग गट दोन म्हणून २ ने गुणायचं, ५ च्या वर्गाने म्हणजे २५ ने भागायचं. ९०.३ येतात, म्हणून प्रत्येक गटात ९१ माणसं. कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, डॉक्टरांच्या मनावर नसतं. फरक निम्मा, म्हणजे २.५ चा शोधायचा तर माणसं दुप्पट नाही, चौपट लागतात: ३६२. छोट्या फरकांच्या चाचण्या महाग का पडतात ते इथे कळतं.

शिवाय काही जण चाचणी मध्येच सोडतात. १५ टक्के सोडतील असं धरून ९१ ला ०.८५ ने भागतात आणि प्रत्येक गटात १०८ जण घेतात. इथपर्यंत सोपं आहे. खरी अडचण पुढे येते, कारण सोडून जाणारे काही चिठ्ठी टाकून जात नाहीत. प्रेशरच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, काहींनी पाय सुजतात. ज्यांना हा त्रास झाला तेच गेले, तर उरलेल्यांची सरासरी गोळीला भलतीच चांगली ठरवते. पूर्वी गेलेल्या माणसाचा शेवटचा आकडा तसाच पुढे ओढत शेवटपर्यंत न्यायचे. दुसऱ्या आठवड्यात घर गाठलेल्या माणसाचं प्रेशर बाराव्या आठवड्यातही तेच होतं, असं मानणं हे. आता रिकाम्या जागा एकदा न भरता अनेकदा, दर वेळी थोड्या वेगळ्या शक्य आकड्यांनी भरतात आणि त्या सगळ्या निकालांची सांगड घालतात, म्हणजे आपलं अज्ञानही उत्तरात दिसतं. त्यानंतर उलट परीक्षा घेतात: गेलेल्यांची प्रकृती किती वाईट असती तर आपला निष्कर्ष कोलमडला असता? थोडीशी वाईट धरताच कोलमडत असेल, तर त्या निष्कर्षावर कुणाला गोळी लिहून देऊ नये. गोळी बंद केलेल्या माणसाला हिशेबात कसं धरायचं, हे चाचणी सुरू होण्याआधीच लिहून ठेवावं, असं औषध नियंत्रकांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत २०१९ पासून स्पष्ट आहे. या विषयाच्या खोल्या भरलेल्या असतात, लोक भिंतीला टेकून उभे राहतात.

शेतीतलं उदाहरण तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. पीक कापणी प्रयोगात शेतात चौकोन आखून तेवढंच भात कापतात, झोडपतात, वजन करतात आणि त्यावरून सगळ्या भागाचं उत्पन्न काढतात. चौकोन कुठे आखायचा ते यादृच्छिक आकड्यांवरून ठरतं. नाहीतर माणूस रस्त्यालगतचा, बांधावरून दिसणारा चांगला कुणगाच, म्हणजे शेताचा तुकडाच, निवडतो आणि खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीच्या, टोकाचा, खारं पाणी शिरलेला कुणगा कधीच मोजला जात नाही. दुसरी चूक चौकोन आखायच्या दोरीवर येणाऱ्या रोपांची. हात आपोआप ती आत ओढतो. चौकोन १ मीटर बाय १ मीटरचा असेल आणि चारी बाजूंनी फक्त ५ सेंटिमीटर जास्त कापलं गेलं, तर प्रत्यक्षात १.१ गुणिले १.१ म्हणजे १.२१ चौरस मीटर कापलं, २१ टक्के जास्त. तीच चूक ५ बाय ५ च्या चौकोनात २५ ऐवजी २६.०१, म्हणजे ४ टक्के. लहान तुकड्यांनी उत्पन्न फुगतं, हे आपल्या पां. वा. सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांनी दाखवलं आणि त्यावरून प्रशांतचंद्र महालनोबिस या दुसऱ्या मोठ्या संख्याशास्त्रज्ञांशी त्यांचा मोठा वाद झाला. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. उपग्रहाच्या चित्रांवरून उत्पन्न सांगणाऱ्या आजच्या पद्धतींनाही पडताळ्यासाठी शेवटी असा कापलेला चौकोन लागतोच. तो चुकला की उपग्रहही चुकतो.

आणि एक नाव तर आपल्या घरचंच. बाबा, पणजीला कला अकादमीत ज्यांच्या नावाने विचार महोत्सव भरतो, ते दामोदर धर्मानंद कोसंबी. ३१ जुलै १९०७ ला गोव्यात जन्मलेले. लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात, जनुकशास्त्राचे संख्याशास्त्रज्ञ त्यांना एका सूत्रावरून ओळखतात. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांतलं अंतर मोजायला फूटपट्टी नसते. पुढच्या पिढीत त्यांची ताटातूट किती वेळा झाली ते मोजतात. ताटातूट होते ती जोडीतली गुणसूत्रं आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात म्हणून. पण दोघांच्या मध्ये अशी अदलाबदल दोनदा झाली, तर दुसरी पहिलीला पुसून टाकते आणि बघणाऱ्याला काहीच झालं नाही असं वाटतं. इथेही न दिसलेल्यांचाच हिशेब. ताटातूट ३० टक्के दिसली तर जनुकशास्त्रज्ञ हाल्डेनच्या सूत्राने अंतर ४५.८ सेंटीमॉर्गन (जनुकांतल्या अंतराचं एकक) येतं, कारण त्याने प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानली. कोसंबींनी ध्यानात घेतलं की एक अदलाबदल झाली की तिच्या जवळ दुसरी सहसा होत नाही. त्यांच्या सूत्राने ३४.७ येतं. जवळच्या जनुकांत फरक थोडा, १० टक्क्यांना ११.२ आणि १०.१. भातासारख्या पिकांच्या जनुकीय नकाशांत आजही कोसंबींचं सूत्र वापरतात. आणखी एक: कारहुनेन आणि लोएव्ह या गणितज्ञांच्या नावाने चालणारी, वक्ररेषांचे मूळ घटक सुटे करण्याची मांडणी कोसंबींनी १९४३ मध्येच प्रसिद्ध केली होती. त्या विषयावर परिषदेत सत्रांमागून सत्रं होतात, कोसंबींचं नाव मात्र क्वचित निघतं. ते निघायला हवं.

लहान भागांच्या अंदाजांचाही मोठा विषय आहे, काणकोण किंवा सत्तरीसारख्या तालुक्याला लागू पडणारा. नमुन्यात तालुक्याची घरं मोजकीच, म्हणून आकडा डुगडुगतो. समज, बेकारीचा तालुक्याचा स्वतःचा अंदाज १२ टक्के आला आणि शेजारपाजारच्या माहितीवरून तो ८ असावा असं दिसलं, तर ज्याची खात्री जास्त त्याच्याकडे झुकतात. पहिल्याला पाचवा हिस्सा वजन दिलं की ८.८.

भाषणांपेक्षा मला पोस्टरचा हॉल जास्त उपयोगी वाटतो. माणूस आपल्या फलकाशेजारी उभा असतो आणि कुणीही थांबून म्हणतं, "हा आकडा कुठून आला?" पोस्टर पाच-सहा फुटांवरून वाचता आलं पाहिजे. बऱ्याच जणांचं इथेच बिघडतं: अख्खा शोधनिबंध छोट्या अक्षरांत चिकटवतात. एक प्रश्न, एक मोठी आकृती, अक्षांवर एकके, खाली निष्कर्षाच्या दोन ओळी, एवढं पुरतं. आकृतीत लाल आणि हिरवा शेजारी ठेवू नये, युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ पैकी एकाला त्यांतला फरक नीट दिसत नाही.

१५ मिनिटांच्या भाषणात १२ मिनिटं बोलायचं, ३ प्रश्नांना. पहिल्या वक्त्याने २० घेतली की सातव्याची मिनिटं जातात, म्हणून चांगला सत्राध्यक्ष "५ मिनिटं", "२ मिनिटं" अशी कार्डं दाखवतो आणि वेळ संपली की उठून उभा राहतो. ४० आकड्यांचं कोष्टक पडद्यावर टाकणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. दुसऱ्याच्या संगणकावर ग्रीक अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात, त्यासाठी भाषणाची पीडीएफ प्रत जवळ ठेवायची. शेवटच्या दिवशी, गुरुवारी सकाळी, निम्मे लोक विमानतळावर असतात. त्या दिवशीच्या वक्त्याला श्रोते कमी मिळतात, पण प्रश्न चांगले येतात.

न छापलेले निकाल हेही न आलेलेच. काहीच खरं नसताना, दर वेळी ५ टक्के धोका धरून, २० वेगवेगळ्या तुलना केल्या, तर त्यांतली एखादी तरी "महत्त्वाची" निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. तेवढीच छापली आणि १९ खणात ठेवल्या, तर वाचणारा फसतो. म्हणून किती तुलना केल्या ते सांगा, असा आग्रह अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ च्या निवेदनातही धरला.

आता घरच्या दोन गोष्टी. सर्वेक्षणाला कुणी सरकारी माणूस आला, ओळखपत्र दाखवलं, तर आई, "शेजारी विचारा, त्यांना जास्त माहीत" असं सांगून पाठवू नकोस. आपलं घर यादीतून निवडलं गेलं म्हणून तो आलेला असतो. बदली घर घेतलं की दिवसभर घरी असणाऱ्यांचीच घरं नोंदीत भरतात.

आणि बाबा, तुमची प्रेशरची वही. फोटो बघितला. बरं वाटत नव्हतं त्याच दिवसांचे आकडे आहेत, मधले रिकामे. यातून डॉक्टरांना काही कळणार नाही. सात दिवस, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री जेवणापूर्वी, पाच मिनिटं पाठ टेकून बसून, हात छातीच्या पातळीवर ठेवून एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. चहा, कॉफी त्याआधी अर्धा तास नको. दोन्ही आकडे लिहा, वाढलेला आला म्हणून पुन्हा मोजून कमी आलेलाच लिहू नका. पहिला दिवस सोडून बाकी सहा दिवसांची सरासरी काढतात. मोजायचं राहिलं तर तिथे "राहिलं" असं लिहा, आणि का राहिलं तेही. चवथीला येते तेव्हा वही समोर ठेवा.

तुमची लेक