भाषणाच्या मसुद्याबद्दल

चि. वैष्णवीस,
अनेक आशीर्वाद.

शिक्षक दिनाच्या भाषणाच्या तुझ्या दोन्ही पानांचे फोटो मिळाले. अक्षर नीट आहे, पण तीन ठिकाणी लाल शाई लागते.

तू राधाकृष्णन यांना पहिले राष्ट्रपती केलंस. पहिले राजेंद्रप्रसाद. राधाकृष्णन १९५२ पासून दहा वर्षं पहिले उपराष्ट्रपती होते आणि १९६२ ते १९६७ दुसरे राष्ट्रपती. दुसरी चूक जन्मगावाची. ५ सप्टेंबर १८८८ ला तामिळनाडू नावाचं राज्यच नव्हतं. तिरुत्तनी तेव्हा मद्रास इलाख्यात होतं, म्हणून ‘आज तामिळनाडूत असलेलं’ असं लिही. तिसरं, मोबाईलवरून उतरवलेले सुविचार काढ. कोणत्या पुस्तकात, कोणत्या पानावर हे सांगता येत नसेल, तर ते वाक्य त्यांच्या तोंडी घालू नको.

म्हैसूर, कलकत्ता, आंध्र विद्यापीठ, ऑक्सफर्ड, बनारस, मग मॉस्कोत राजदूत, ही सगळी सनावळी वाचलीस तर मागच्या रांगेतली पोरं जांभया देतील. दोन ओळींत उरक. चार मिनिटांत चारशेच शब्द बसतात, ते विचारावर खर्च कर.

विचार असा. जग माया मानणाऱ्यांना नीती कशाला लागेल, असा आक्षेप तेव्हा मिशनऱ्यांचा असे. त्याला उत्तर म्हणून विशीतल्या या विद्यार्थ्याने वेदान्तातल्या नीतीवरच प्रबंध लिहिला, तो १९०८ मध्ये छापला गेला. पुढेही त्यांचं म्हणणं तेच राहिलं: माया म्हणजे जग खोटं नव्हे, ते स्वतःच्या बळावर नाही, ब्रह्माच्या आधारावर उभं आहे, एवढंच. आपली विहीर आठव. पाणी खरंच आहे, त्यावर कपाशी भिजते; पण झरा आटला की विहिरीत फक्त दगड. हाच दाखला दे. ‘अद्वैत’ शब्द फळ्यावर लिहून कोणाला काही कळत नाही.

आता तू सोडून दिलेला भाग. १९४८-४९ च्या विद्यापीठ शिक्षण आयोगाचे ते अध्यक्ष होते. अहवालात ग्रामीण विद्यापीठांवर वेगळं प्रकरण आहे: मधे विद्यापीठ, भोवती छोटी निवासी महाविद्यालयं, एकेकात साधारण ३०० विद्यार्थी, सगळे मिळून २५०० च्या आत, अभ्यासाच्या जोडीला प्रत्यक्ष काम. याचं मूळ आपल्या वर्धेतल्या नई तालीममध्ये, म्हणजे हाताच्या कामातून शिकवायच्या गांधीजींच्या पद्धतीत. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर तिचा आराखडा झाकिर हुसेन समितीने केला, आणि तेच झाकिर हुसेन या आयोगावरही होते. पुढे राधाकृष्णन यांच्यानंतर राष्ट्रपती झाले तेही तेच.

त्याचं पुढे काय झालं, हेही सांग. पन्नाशीच्या दशकात केंद्र सरकारने ग्रामीण उच्च शिक्षण संस्थांची योजना काढली, त्यातली एक संस्था अमरावतीचं शिवाजी लोकविद्यापीठ. पण तिथे मिळे पदविका, आणि विद्यापीठं तिला पदवीच्या बरोबरीनं धरायला कचरत. नोकरीच्या अर्जात अडणारा कागद शेतकऱ्याचं पोर कशाला घेईल? पोरं साध्या महाविद्यालयांकडे वळली. यात आयोगाचा विचार चुकला असं माझं मत नाही. कागदाची किंमत आधी ठरवायला हवी होती. काहींना हे पटणार नाही, तर वाद होऊ दे.

सुरुवात ‘आदरणीय व्यासपीठ’ने करू नको, थेट विहिरीपासून कर. घड्याळ लावून मोठ्यानं तीनदा वाच. साडेचार मिनिटांवर गेलं तर सनावळीचीच आणखी एक ओळ छाट, अमरावतीला हात लावू नको.

कपाशीला पाते लागलेत, रान ओलं आहे. पोळ्याला येशील तेव्हा सुधारलेला कागद घेऊन ये, पुरणासाठी डाळ भिजवण्याआधी बघून घेऊ.

तुझी,
आई