तुझी सही का लागत नाही

प्रिय अव्या,

बाळाची आई ते दत्तक द्यायला निघालीय हे सांगताना, परवा रात्री फोनवर एकच प्रश्न तू तीनदा विचारलास. "बाळ माझंही आहे ना, मग माझी सही का नको?" तुझा आवाज ऐकून मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. कायदा आधी सांगते, कारण हातात दिवस थोडे आहेत.

तुमचं लग्न झालेलं नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६, त्याचं कलम ६. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर बाप, असा क्रम तिथे लिहिलाय. दत्तकाच्या नियमांतही तेच. नवरा-बायकोचं बाळ असेल तर समर्पणपत्रावर, म्हणजे बाळ सोडून देत असल्याच्या कागदावर, दोघांची सही, अविवाहित आईचं असेल तर तिची एकटीची. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशा आईने पालकत्वासाठी अर्ज केला, तर तिला बापाचं नाव सांगायची सक्ती करता येणार नाही. तो निकाल मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. पाठ फिरवून गेलेल्या माणसाला शोधत त्या पोरींनी दारोदार का हिंडावं? पण पाठ न फिरवलेला बापही कागदावर त्याच रांगेत उभा असतो, हे तुझ्यामुळे पहिल्यांदा मनाला लागलं. पोटगी द्यायची वेळ आली की मात्र कायदा लग्न झालंय का विचारत नाही, तिथे तू पुरता बाप असतोस.

आता पुढचं. तिला बाळ द्यायचंच असेल, तर बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. समिती चौकशी करते, समुपदेशन करते, मग सही. त्यानंतर फेरविचाराला दोन महिने मिळतात. ते संपले की समिती बाळाला दत्तकासाठी मुक्त जाहीर करू शकते, आणि एकदा दत्तकाचा आदेश झाला की मागे फिरायला वाट नाही. तुला जे करायचंय ते त्या दोन महिन्यांच्या आत, खरं तर याच आठवड्यात.

एक वाट आहे. २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे तुमच्यासारखंच एक जोडपं गेलं होतं. लग्नाशिवाय एकत्र राहत होते, बाप कामासाठी परराज्यात, संपर्क तुटला, आणि घाबरलेल्या आईने बाळ समितीकडे दिलं. न्यायालयाने बाळाला मुक्त जाहीर करणं रद्द केलं. अशा बाळाच्या समर्पणाला विवाहित जोडप्याचीच पद्धत लावायला हवी होती, जन्मदात्याचा हक्क लग्नाच्या दाखल्यावर टांगलेला नाही, असं म्हटलं. हे वाचून उड्या मारू नकोस. निकाल केरळचा आहे, आपल्याकडे तो दाखवता येतो, पण बंधनकारक नाही. आणि त्या खटल्यात आईलाही बाळ परत हवं होतं. दोघं मिळून कोर्टात गेले होते.

म्हणून आता कडू बोलते. तिच्या मावशीच्या दारात जाऊन "कोर्टात खेचेन" म्हणालास, ते फार वाईट केलंस. सातव्या महिन्यात ती विचारत होती, घरी कधी सांगतोस? तू म्हणालास, दिवाळीनंतर. तिने दिवाळीपर्यंत वाट पाहिली, त्यानंतरही पाहिली. ओल्या बाळंतिणीने एकटीने घेतलेला हा निर्णय तुला क्रूर वाटतो, मला तो थकलेला वाटतो. आधी आईबाबांना सांग, आजच. मग तिला चिठ्ठी पाठव: खर्च कोण करणार, बाळ कोणाजवळ राहणार, ती नोकरीवर परतली तर दिवसा कोण सांभाळणार, सगळं नीट लिहून. बाळ जाऊ नये म्हणून लग्नाची मागणी घालू नकोस. तिला ते लगेच कळेल. आणि हे सगळं ऐकूनही ती नाही म्हणाली, तर तिला दोष देऊ नकोस. मग तू एकटा सांभाळायला तयार आहेस का, ते मला सांग. त्या उत्तरावर पुढचा अर्ज ठरेल.

शनिवारी सकाळच्या गाडीने सांगलीला ये. येताना दोघांच्या नावचा भाडेकरार, दवाखान्याच्या फॉर्मवर जिथे तुझी सही आहे त्याची प्रत, तिला पाठवलेल्या पैशांचं बँकेचं पुस्तक, मेसेजचे प्रिंट, सगळं आण. आपण समितीला अर्ज देऊ: मी बाप आहे, डीएनए चाचणीला तयार आहे, मला ऐकून घ्या. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. तिच्याबद्दल ते तुला काही सांगणार नाहीत. तिचं नाव गुप्त ठेवणं त्यांचं कामच आहे, वाद घालू नकोस.

माझ्या आईला तुझं सांगितलंय. तिने माळ्यावरची दुपटी काढून धुतलीत. मी अडवलं नाही.

तुझी,
सुमी

ता. क. तिचा मामा कुठल्याशा डॉक्टरच्या ओळखीतलं जोडपं बघतोय म्हणालास. समितीला वगळून बाळ असं परस्पर देणं-घेणं गुन्हा ठरू शकतो, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे तू स्वतः सांगायला जाऊ नकोस, धमकी वाटेल. मावशीचा नंबर पाठव, मी बोलते.