विटांचे घर वाचवण्यासाठी आवाहन

सर्व ग्रामस्थ, मुंबईकर, पुणेकर मंडळी आणि माहेरवाशिणींना सप्रेम नमस्कार.

खालच्या आळीतले विटांचे घर कोणाला नव्याने सांगायला नको. आबांनी बक्षीसपत्र करून ते मंडळाच्या हवाली केले, तेव्हा दापोली तालुक्यात असे घर दुसऱ्या कुठल्या मंडळाकडे आहे ते दाखवा, असे आपण सगळ्यांना ऐकवत होतो. जोते जांभ्याचे, वर चुन्यात बांधलेल्या भाजक्या विटांच्या भिंती. अंगणात खणले तरी चिरा निघतो अशा मुलखात विटा कोण आणतो? पडवी, ओटी, माजघर, बाळंतिणीची खोली, पोटमाळा ही मांडणी मात्र अस्सल आपली. खांब फणसाचे. काही कौलांच्या पोटावर बासेल मिशनचा शिक्का आणि 1865 हे साल आहे. (घरच त्या सालचे, असे काहीजण छातीठोक सांगतात. या परदेशी मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना त्या साली सुरू झाला, एवढाच त्याचा अर्थ. असो.)

3 जून 2020 ला निसर्ग वादळाने अर्धे छप्पर नेले. टाळेबंदीत पगार अडकलेले असतानाही चाकरमान्यांनी पैसे पाठवले, हे मंडळ विसरलेले नाही. वरच्या वाडीतल्या पोरांनी आडवे झालेले माड तोडून वाट मोकळी केली. सुतारमामांनी वासे तासून दिले आणि मजुरीचा विषय काढू दिला नाही. मोहल्ल्यातल्या चाचांनी कौलांसाठी टेम्पो दिला, डिझेलसुद्धा स्वतःचे घातले. भजनी मंडळाने भजनाच्या बारीची बिदागी पेटीत टाकली. शाळेच्या जुन्या बाईंनी निवृत्तीच्या पैशातून कोने आणि रिपा घेऊन दिल्या. त्यांचे नाव लावायचे म्हटले तर रागावल्या.

आता पश्चिमेची भिंत धोक्यात आहे. मागे घाईने तिला सिमेंटचा गिलावा केला गेला. त्याने आत मुरलेले पाणी आतच कोंडले. गिलाव्याचा पोपडा उचलला की मागची वीट बोटाने खरवडली तरी लाल भुगा होऊन गळते. सिमेंट उतरवून, कुजलेल्या विटा बदलून पुन्हा चुन्याचाच गिलावा करायचा आहे आणि पावसाचा मारा भिंतीवर येऊ नये म्हणून पागोळी पुढे घ्यायची आहे. सरकारदरबारी दिलेल्या अर्जाची अजून साधी पोचही नाही.

गेल्या गणपतीत पत्रक वाटले होते. ग्रुपवर घराच्या फोटोला अंगठे भरपूर आले, वर्गणी देणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बोलायचे नव्हते, पण मनाला लागले.

काम मृगाआधी, म्हणजे 7 जूनच्या आत उरकले पाहिजे. वर्गणी ऐच्छिक, रोख खजिनदारांकडे किंवा मंडळाच्या नेहमीच्या खात्यात (क्रमांक जुन्या पावतीवर आहे), पावती अवश्य घ्यावी. जुन्या विटा, मंगलोरी कौले, चुना, सागाचे वासे चालतील, सिमेंट नको. श्रमदान शिमग्यानंतर दर रविवारी सकाळी 8 ला. येताना घमेले, फावडे आणावे. चहा-पोहे मंडळाकडून.

आपला नम्र,
सचिव, ग्रामस्थ मंडळ