अण्णांच्या पोटातला फुगा

लेस्टर, रविवार सकाळ

प्रिय मित्रा,

काल रात्री तुझा फोन मध्येच तुटला, पण अण्णांच्या आजाराबद्दलचं तुझं वाक्य डोक्यातून जाईना. "पोटात बॉम्ब आहे म्हणतात आणि सहा महिन्यांनी या म्हणून घरी पाठवतात, हे कसले डॉक्टर?" रात्रभर त्यावरच विचार करत पडलो. आज प्रयोगशाळेला सुट्टी आहे, बाहेर पाऊस आहे, तेव्हा चहा घेऊन निवांत लिहायला बसलोय. हे पत्र काकूंनाही वाचून दाखव. अण्णांना दाखवायचं की नाही ते तू ठरव, पण मला विचारशील तर दाखव. त्यांना कळेल. तुझ्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल.

आधी एकच सांगतो : त्या डॉक्टरांनी अण्णांना वाऱ्यावर सोडलेलं नाही. त्यांनी सांगितलं ते बरोबर आहे.

तुला आठवतं ना, शाळा सुटली की आपण अण्णांच्या पंक्चरच्या दुकानात जाऊन बसायचो आणि अण्णा घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवत बुडबुडे शोधायचे? टायर एका जागी झिजून विरला की आतली ट्यूब तिथून फुगून बाहेर यायची. अण्णा बोट लावून म्हणायचे, "हवा जास्त झाली नाही रे, टायर दमलाय." महाधमनीचं नेमकं हेच होतं. हृदयातून निघून छातीतून पोटात उतरणारी ही सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. पोटात तिची रुंदी साधारण 2 सेंटीमीटर असते. 3 च्या वर गेली की आम्ही तिला एन्युरिझम म्हणतो. अण्णांची 4.3 आहे. प्रोस्टेटसाठी केलेल्या सोनोग्राफीत ती दिसली हे नशीब, कारण हा फुगा बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही, फुटेपर्यंत पत्ताही लागू देत नाही.

ही भिंत दमते कशी, हेच माझं रोजचं काम. ऑपरेशनमध्ये काढलेला भिंतीचा तुकडा, रुग्णाने आधी लेखी परवानगी दिलेली असते, बर्फात ठेवलेल्या नळीतून आमच्याकडे येतो. नखाएवढाच असतो. कापताना आतल्या बाजूला चुना साचलेला असला की पातं करकरतं. फुग्यात साचलेली रक्ताची गुठळी सोबत आली असेल, तर ती कांद्यासारखी पापुद्र्यापापुद्र्याने सुटते. मग त्या तुकड्याचे पातळ काप काढून रंगवतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. निरोगी महाधमनीत इलॅस्टिनच्या, म्हणजे भिंतीला लवचिक ठेवणाऱ्या प्रथिनाच्या, काळ्या नागमोडी रेघा एकाखाली एक दिसतात, नदीच्या वाळूवर पाण्याने काढाव्यात तशा. एन्युरिझममध्ये त्या तुटून त्यांचे तुकडे तुकडे झालेले असतात, कुठे कुठे तर एकही रेघ उरलेली नसते. इतकी वर्षं पाहतोय, तरी दर वेळी पोटात कालवतं. इलॅस्टिन आपण लहानपणी तयार करतो आणि त्यावरच जन्म काढतो. मोठेपणी तुटलं की शरीर ते पुन्हा धड विणू शकत नाही.

ते तोडतं कोण? भिंतीत सूज येते, पांढऱ्या पेशी आत शिरतात, आणि त्या पेशी असे विकर (एन्झाइम) सोडतात जे इलॅस्टिन आणि भिंतीला बळकटी देणारं कोलॅजन कुरतडतात. भिंत सांभाळणाऱ्या स्नायूपेशी मरत जातात. आणि या सगळ्याला सर्वांत जास्त खतपाणी घालते ती विडी. त्यावर पुढे बोलतो.

आता तुझा प्रश्न : लगेच ऑपरेशन का नाही? 1998 साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. 4 ते 5.5 सेंटीमीटरचे फुगे असलेले 1090 रुग्ण घेतले. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन केलं, निम्म्यांवर ठरावीक काळाने सोनोग्राफी करून नजर ठेवली, आणि फुगा 5.5 च्या वर गेला किंवा भराभर वाढायला लागला तरच ऑपरेशन केलं. काही वर्षांनी पाहिलं तर दोन्हीकडे जगलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखंच. कारण लहान फुगा फुटण्याचा धोका कमी आणि ऑपरेशनचा स्वतःचा धोका मात्र खरा. पुढे अमेरिकेतही तेच निघालं. म्हणून पुरुषांसाठी 5.5 ही रेघ ठरली. बायकांची रक्तवाहिनी मुळातच बारीक आणि त्यांचा फुगा लवकर फुटतो, म्हणून त्यांच्यासाठी 5. "थांबा" या शब्दामागे एवढे लोक उभे आहेत, मित्रा. तो हात झटकण्याचा शब्द नाही.

उद्या वेळ आलीच तर उपाय आहे. पूर्वी पोट उघडून तिथे कापडी नळी शिवायचे. ह्यूस्टनचे सर्जन मायकेल डीबेकी यांनी दुकानातून डेक्रॉनचं कापड आणून बायकोच्या शिलाई मशीनवर त्या नळ्या शिवल्या होत्या. पुढे सत्त्याण्णवाव्या वर्षी त्यांची स्वतःची महाधमनी आतून फाटली, आणि ते कापडी नळीच्या ऑपरेशननेच वाचले. 1990 मध्ये ब्युनोस आयरिसला सर्जन हुआन पारोदींनी जांघेतल्या धमनीतून नळी आत सरकवून फुग्याच्या आत बसवली. पोट उघडावं लागलं नाही. अण्णांना एवढंच सांग : आतून गेटर टाकतात. टायर तोच, वरची भेग तशीच, पण दाब आतल्या तुकड्यावर.

औषध मात्र अजून नाही, आणि याची खंत माझ्यासकट या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाला आहे. उंदरांमध्ये डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने फुगा थोपतो असं दिसलं होतं. हे औषध ते कुरतडणारे विकर अडवतं. केवढी आशा होती आम्हाला! 2020 मध्ये माणसांवरच्या चाचणीचं उत्तर आलं : दोन वर्षं गोळ्या घेऊनही फुग्याच्या वाढीत फरक नाही. उंदराला आम्ही काही आठवड्यांत फुगा आणतो, माणसात तो वीस-तीस वर्षं शिजत असतो. त्यातच ही चूक दडलेली आहे असं माझं मत आहे. म्हणूनच मी हट्टाने माणसाच्याच भिंतीवर काम करतो. एक विलक्षण गोष्ट म्हणजे मधुमेह असलेल्यांना हा आजार कमी होतो. हृदयाच्या धमन्या साखरेने बिघडतात आणि ही भिंत मात्र टिकते! यात मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचा वाटा असावा असा अंदाज आहे, चाचण्या चालू आहेत. पण अण्णांना शुगर नाही, तेव्हा हे वाचून कुणाच्या गोळ्या त्यांना देऊ नकोस.

माझ्या धाकट्या मामांचं तुला आठवत असेल. कंबरेत कळ आली, दवाखान्यात मुतखडा म्हणून इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. पहाटे ते अंगणात कोसळले. काय झालं ते शवविच्छेदनानंतर कळलं. तेव्हा मी बारावीत होतो. तो राग अजून गेलेला नाही, पण आता एवढं कळतं की तिथे कुणाच्या मनात हा आजार आलाच नसावा. इथे ब्रिटनमध्येही आपल्याकडच्या पुरुषांत तो गोऱ्यांपेक्षा बराच कमी दिसतो. कमी दिसतो म्हणून आठवत नाही, आणि आठवत नाही म्हणून माणूस हातचा जातो. इंग्लंडात पासष्टी गाठलेल्या प्रत्येक पुरुषाला सोनोग्राफीचं बोलावणं येतं. दहा मिनिटांचं काम, सुई नाही, काही नाही. मामांना ती दहा मिनिटं मिळाली असती तर, हा विचार मी रोज करतो.

म्हणून आता माझं ऐक. अण्णांची विडी आजपासून बंद. कमी नाही, बंद. त्यांच्या हातात असलेला सगळ्यात मोठा उपाय तोच आहे. ते चिडतील, दोन महिने घरात कुणाशी धड बोलणार नाहीत. बोलू देत नाहीतर न बोलू देत. बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी चुकवायची नाही. संध्याकाळी घाटापर्यंत चालायला काहीच हरकत नाही, त्यांना काचेच्या भांड्यासारखं जपू नका.

पोटात किंवा पाठीत अचानक जोराची कळ आली, घाम फुटला, चक्कर आली, तर जवळच्या दवाखान्यात वेळ घालवायचा नाही. सीटी स्कॅन आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन जिथे आहेत ते हॉस्पिटल आजच हेरून ठेव. आणि दारातच पहिलं वाक्य हे म्हणायचं : "यांच्या महाधमनीला फुगा आहे." रिपोर्टची एक झेरॉक्स अण्णांच्या पाकिटात, एक तुझ्या, एक काकूंच्या पर्समध्ये.

सख्ख्या नात्यात हा आजार उतरतो, त्यामुळे पुढच्या वेळी अण्णांबरोबर तूही सोनोग्राफी करून घे, आणि तुझ्या काकांनाही ने. शक्यतो त्याच सेंटरला आणि त्याच डॉक्टरांकडे जा. माप घेणारा बदलला की दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतात आणि फुगा वाढला म्हणून घरात उगाच रडारड होते. रिपोर्ट हातात आला की फोटो काढून मला पाठव, इथे रात्र असली तरी.

तुझाच,
मिरजेचा दोस्त