घडीच्या ट्रायमरानचा सांधा तपासा

संपादक महोदय,

ट्रेलरवरून नेता येणाऱ्या घडीच्या ट्रायमरानविषयी (मधे मुख्य धड आणि दोन्ही बाजूंना एकेक उलांडी, म्हणजे तरंगता आधार, असलेली शिडाची बोट) जे छापून येते, त्यातला बहुतेक मजकूर वेग आणि घडी घालायला लागणारी मिनिटे यांतच संपतो. खरे तर अशी बोट घेणाऱ्याने सर्वांत आधी उलांडी मुख्य धडाला जिथे जोडली जाते तो सांधा बघायला हवा.

या प्रकारात बोटींचे रचनाकार इयन फॅरियर यांची रचना सर्वाधिक परिचित. त्यांची १९८५ची एफ-२७ ही बोट उघडली की सुमारे ५.८ मीटर रुंद होते, मिटली की २.६ मीटरच्या आत बसते. प्रत्येक बाजूची उलांडी दोन तुळयांवर असते. तुळई वरच्या-खालच्या कांबींवर फिरते आणि एका बोल्टने मुख्य धडावरच्या बैठकीत आवळली जाते. म्हणजे एकूण चारच बोल्ट. वाऱ्याखालची, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची, उलांडी पाण्याने वर रेटली, की तुळईचे आतले टोक बैठकीत आणखी घट्ट दाबले जाते. वाऱ्याकडच्या बाजूला मात्र उलांडीचे वजनच तुळई मिटवू पाहते. बोल्ट सैल असेल तर लाटेगणिक तुळई बैठकीत आपटते, भोक लांबट होते, भोवतीच्या जेलकोटला (फायबरवरच्या चकचकीत थराला) बारीक भेगा पडतात. वापरलेली बोट बघताना उलांडीचे टोक धरून जोरात वर-खाली हलवा आणि बैठकीवर हाताचे बोट ठेवून सांध्यात ढिलेपणा जाणवतो का, ते पाहा. स्टेनलेसचे आटे कोरडेच आवळले तर जाम होतात, ग्रीस हवेच.

मिटलेली बोट पाण्यात ठेवली, तर उलांडीची बाहेरची बाजू पाण्यात जाते आणि तिथे शेवाळ, कालवे धरतात. डॅनिश ड्रॅगनफ्लाय या बोटीच्या उलांड्या उभ्याच राहून मागे सरकतात, त्यामुळे ही अडचण नाही. पण बोटीची लांबी वाढते.

डोलकाठी उभारताना बाजूच्या तारा ढिल्या असतात, म्हणून तात्पुरत्या आधारतारा लागतात. त्यांच्या खालच्या कड्या डोलकाठीच्या बिजागरीच्या अक्षरेषेतच हव्यात. कडी पुढे-मागे असली, तर काठी चढता चढता तार एकतर ढिली पडते किंवा ताणून तुटायला येते. काठी वर ओढणाऱ्या विंचला हात घालण्याआधी डोक्यावरच्या विजेच्या तारा बघायच्या, हे कितीदा सांगितले तरी कमीच.

परीक्षण लिहिणाऱ्यांनी उलांडीचे आकारमानही द्यावे. पूर्ण बुडाल्यावर ती भरल्या बोटीच्या वजनाहून कमी भार पेलत असेल, तर जोराच्या झोतात वाऱ्याखालच्या उलांडीची नाळ (पुढचे टोक) पाण्यात घुसते आणि शिडाचा दोर सोडायला वेळच मिळत नाही. दीडपट किंवा त्याहून जास्त क्षमता असलेली बरी. या बोटीला तळाशी शिशाचे वजन नसते. म्हणूनच ती हलकी असते आणि साध्या मोटारीमागे जाते. पण उलटली तर आपणहून सरळ होत नाही, तरंगत राहते. त्यासाठी मुख्य धडात माणसांना बाहेर पडायची झडप आणि उलांड्यांत बंद कप्पे आहेत का, हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे.

एक वाचक