मस्टँगचा पिकअप आणि गिअरबॉक्सवरचा आळ

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. 1966 ची मस्टँग न्यू जर्सीहून डेन्व्हरला आणल्यापासून पिकअप घेत नाही, सिग्नल सुटल्यावर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी जडपणे निघते आणि तिथल्या गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल करण्याचा सल्ला दिला आहे, हे वाचून मला राहवले नाही. इंजिन पूर्ण ताकद देते आहे याची खात्री पटेपर्यंत त्या सी-4 या फोर्डच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या एकाही बोल्टला पाना लावू देऊ नकोस. जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत दोष इंजिनाचा आणि आळ गिअरबॉक्सवर असे वारंवार घडते आणि त्याचे कारण या गिअरबॉक्सच्या रचनेतच आहे.

गिअर केव्हा बदलायचा हे सी-4 दोन गोष्टींवरून ठरवते: गाडीचा वेग आणि इंजिनावरचा भार. भाराचा अंदाज तिला व्हॅक्यूमवरून, म्हणजे इंजिन हवा ओढताना तयार होणाऱ्या निर्वातावरून येतो. इनटेक मॅनिफोल्डपासून (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळकांड्यापासून) निघालेली एक बारीक नळी गिअरबॉक्सच्या पाठीमागे बसवलेल्या मॉड्युलेटरपर्यंत जाते. व्हॅक्यूम कमी झाला, की चालकाने ॲक्सिलरेटर जोरात दाबला आहे असे समजून मॉड्युलेटर आतला तेलाचा दाब वाढवतो आणि गिअर उशिरा व धक्का देऊन पडतात. म्हणजे टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडल्यामुळे किंवा एखादी रबरी नळी तडकल्यामुळे व्हॅक्यूम घटला असला, तरी धक्के मात्र गिअरबॉक्समध्ये जाणवतात आणि पाहणारा तिलाच आजारी ठरवतो.

पहिली तपासणी गाडीत बसल्या बसल्या होईल. 1964 ते 1966 च्या सी-4 मध्ये गिअर दाखवणाऱ्या पट्टीवर एन (न्यूट्रल) आणि एल (लो) यांच्या मधोमध दोन ठिपके आहेत. मोठ्या, हिरव्या ठिपक्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये सुटते. लहान ठिपक्यावर ती थेट दुसऱ्या गिअरमध्ये सुटते, कारण निसरड्या रस्त्यासाठी तशी सोय केलेली आहे. पहिल्या गिअरचे गुणोत्तर 2.46 आणि दुसऱ्याचे 1.46 आहे, त्यामुळे चुकीच्या ठिपक्यावर सुटताना चाकांपर्यंत पोहोचणारा जोर सुमारे 40 टक्क्यांनी कमी होतो. तू योग्य ठिपक्यावरच दांडा ठेवत असशील, पण लिंकेजमधले (दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सांध्यांतले) बुश झिजले असतील तर काटा हिरव्या ठिपक्यावर आणि गिअरबॉक्समधला लिव्हर शेजारच्या खाचेत असे होऊ शकते. एलमध्ये टाकून सुटून पाहा. तिथे गाडी चपळ निघाली आणि हिरव्या ठिपक्यावर निघाली नाही, तर काम बहुधा लिंकेज जुळवण्याइतकेच आहे.

आता डेन्व्हरबद्दल. ते शहर 5,280 फुटांवर आहे आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्क्यांनी उतरते. दोन बॅरल कार्ब्युरेटरच्या 289 घनइंची इंजिनाची कंपनीने दिलेली ताकद 200 अश्वशक्ती होती. तिच्यातली सुमारे तीस तिथली विरळ हवाच खाऊन टाकते. त्यात समुद्रसपाटीला जुळवलेले कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रे) तिथे जास्त पेट्रोल सोडतात, प्लग काळे पडतात आणि गाडी आणखी मंदावते. म्हणून लहान जेट बसवणे हा तुझ्या खर्चाच्या यादीतला पहिला आकडा असावा, असे मला वाटते. व्हॅक्यूम गेज लावशील तेव्हाही हे लक्षात ठेव: समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलला पाऱ्याचे 17 ते 21 इंच दाखवते, डेन्व्हरला त्यातून सुमारे पाच इंच वजा धरायचे. पुस्तकातला आकडा पाहून 14 इंचाला आजार म्हणणारा मेकॅनिक भेटला, तर त्याचे ऐकू नकोस.

गेजचा काटा उभ्या गाडीत स्थिर असूनही फारच खाली असेल, तर टायमिंगकडे वळ, पण इथे एक फसवा भाग आहे. क्रँकच्या पुढच्या टोकाला बसवलेल्या बॅलन्सरची बाहेरची कडी रबराने आतल्या हबला चिकटवलेली असते. इतक्या वर्षांत ते रबर वाळते, कडी सरकते आणि तिच्यावरची टायमिंगची खूण खोटी ठरते. मग टायमिंग लाइट लावून नेमके जुळवलेले टायमिंगसुद्धा प्रत्यक्षात कित्येक अंशांनी मागे असू शकते. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी पिस्टन स्टॉप (पिस्टनला वर येताना अडवणारा बोल्ट) बसवून, बॅटरी काढून, क्रँक हाताने दोन्ही बाजूंना फिरव आणि पिस्टन जिथे अडतो तिथे बॅलन्सरवर खूण कर; त्या दोन खुणांच्या बरोबर मध्ये टायमिंगचे शून्य येते का ते पाहा. त्याच वेळी डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून ठेव. क्रँक उलट फिरवताना तो बराच फिरेपर्यंत रोटर हलत नसेल, तर टायमिंग चेन सैल झाली आहे.

कार्ब्युरेटरची तपासणी सोपी आहे. इंजिन बंद असताना कोणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांग आणि तू एअर क्लीनर काढून वरून पाहा: थ्रॉटलची झडप पूर्ण उभी होते का, आणि पेडल हलताक्षणी पंपाच्या दोन्ही छिद्रांतून पेट्रोलची सरळ धार पडते का? जाड गालिचा पेडलखाली आल्यामुळे झडप अर्धीच उघडते, असे प्रकार जितके वाटतात त्याहून जास्त आढळतात. किकडाउनची दांडीही तिथेच तपास. ती सुटलेली असेल तर वेगात असताना पेडल पूर्ण दाबूनही गिअर खाली उतरत नाही.

चाकांकडे दुर्लक्ष करू नकोस. ब्रेकच्या जुन्या रबरी नळ्या आतून फुगल्या, की तेल पुढे जाते पण परत येत नाही आणि ब्रेक लागलेलेच राहतात. ब्रेक फारसे न वापरता थोडी गाडी चालव आणि चारही ड्रमांची उष्णता ताडून पाहा.

एवढे सगळे बरोबर निघाले, तरच गिअरबॉक्सकडे जा. तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये पातळी पाहा. तिला टाइप एफ तेल लागते. पातळी घटते पण जमिनीवर थेंब नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, असे असेल तर मॉड्युलेटरचा पडदा फाटला आहे आणि इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचे तेल ओढून जाळते आहे. मॉड्युलेटरची नळी उपसून आत बोट घातलेस आणि ते तेलाने ओले झाले, तर निदान पक्के. हा भाग स्वस्त आहे आणि गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतो.

शेवटी स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेकने गाडी अडवून इंजिन किती आरपीएमपर्यंत जाते ते पाहणे. चाकांना अडण लाव, पुढे कोणी उभे राहू देऊ नकोस, ब्रेक घट्ट दाबून हिरव्या ठिपक्यावर पूर्ण ॲक्सिलरेटर दे आणि पाच सेकंदांच्या आत सोड; नंतर न्यूट्रलमध्ये थोडा वेळ चालू ठेवून तेल थंड होऊ दे. आरपीएम मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या बरेच वर गेले, तर क्लच किंवा बँड घसरतात आणि तेव्हा गॅरेजवाल्याचे म्हणणे खरे. ते बरेच खाली राहिले, तर इंजिन अशक्त आहे किंवा टॉर्क कन्व्हर्टरमधल्या (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातल्या) स्टेटरचा एकेरी क्लच निकामी आहे. या दोघांतला फरक आय-70 महामार्गावर कळेल: स्टेटर गेला असेल तर गाडी सुटताना मेलेली, पण वेग घेतल्यावर सपाट रस्त्यावर नेहमीसारखी धावते, इंजिन अशक्त असेल तर ती पश्चिमेकडच्या चढावर सारखीच रडते.

आयडलचा व्हॅक्यूम, पिस्टन स्टॉपने मिळालेल्या खुणा आणि स्टॉलचे आरपीएम एवढे मला कळव, म्हणजे पुढे काय उघडायचे ते ठरवू. तोपर्यंत त्या ओव्हरहॉलसाठी आगाऊ रक्कम भरू नकोस. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेही